मिठाला घाई खपत नाही

खडीसाखरेचा मोठा खडा फोडला की आतून दोरा निघतो. प्रसादाच्या वाटीतला हा दोरा लहानपणी प्रत्येकाने चघळून टाकलेला असतो, आणि तो तिथे कशासाठी, हा प्रश्नही प्रत्येकाला पडलेला असतो. उत्तर सोपं आहे. पाकातली साखर एकत्र यायला एखादा आधार शोधते. खरखरीत दोरा तो आधार देतो आणि त्याच्याभोवती खडे धरतात. यावरूनच शाळकरी प्रयोगांची ती प्रसिद्ध कृती आली आहे: पाणी उकळा, विरघळेल तेवढा पदार्थ त्यात घाला, काचेच्या बरणीत ओता, पेन्सिलीला बांधलेला दोरा आत सोडा आणि वाट पाहा. तुरटी घेतली तर सकाळपर्यंत दोऱ्यावर लखलखीत खडे दिसतात. साखर घेतली तर आठवडा जातो, पण काम होतं. मीठ घेतलं तर सकाळी दोरा कोराच्या कोरा लोंबत असतो आणि तळाशी चिमूटभर पांढरा गाळ बसलेला असतो. कृती एक, भांडं एक, पाणी एक. मग घरातला सगळ्यात साधा, सगळ्यात स्वस्त पदार्थच का रुसून बसतो?

गरम पाण्याचा फायदा कुणाला?

पाण्यात कुठलाही पदार्थ अमर्याद विरघळत नाही. एका मर्यादेनंतर घातलेला चमचा तसाच तळाशी राहतो. अशा ‘भरलेल्या’ द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात. उकळत्या पाण्याच्या कृतीमागचं गृहीत असं की गरम पाण्यात पदार्थ जास्त मावतो आणि पाणी निवताना तो जास्तीचा भाग बाहेर पडतो. साखरेच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना सुमारे 200 ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात पाचशेच्या जवळपास. तुरटीचंही तसंच: 20 अंशांना साधारण 14 ग्रॅम, 50 अंशांना 37 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसतं कोमट-गरम पाणी निवलं तरी प्रत्येक 100 ग्रॅम पाण्यामागे वीस-बावीस ग्रॅम तुरटी बेघर होते, आणि तिला खडा होण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मिठाचे आकडे पाहिले की कोडं तिथेच सुटतं. 100 ग्रॅम पाण्यात 25 अंशांना 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात 39 ग्रॅम. एवढी चूल पेटवून फरक काय, तर तीन ग्रॅम! पण तेच 100 ग्रॅम पाणी उडून गेलं, तर 36च्या 36 ग्रॅम मीठ मागे राहतं. मिठाला थंड करून काही उपयोग नाही. त्याच्याखालचं पाणीच काढून घ्यावं लागतं. उरण-पेणच्या मिठागरांत म्हणूनच मीठ गार करत नाहीत, उन्हात ‘पिकवतात’. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यांतला तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग खाण्याच्या मिठाचा. हे पाणी आटून मूळच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत आल्याशिवाय मीठ धरू लागत नाही. त्याआधी चुन्याचे क्षार तळाशी बसतात आणि मीठ निघून गेल्यावर मॅग्नेशियमचे कडवट क्षार पाण्यात उरतात. ते कडू पाणी वेळेवर काढून टाकण्यात आगऱ्यांचं कसब असतं. घरच्या बशीत आपण जे करणार आहोत ती याच शेतीची कुंडीतली आवृत्ती आहे.

पंगतीत बसणारे कण

आता पुढचा प्रश्न. पाणी उडालं की मीठ मागे राहतं हे ठीक, पण ते कधी पिठासारखं राहतं आणि कधी आरशासारख्या बाजूंचा चौकोनी खडा होऊन राहतं. हा फरक कशाने पडतो? त्यासाठी खड्याच्या आत डोकवावं लागतं, आणि योगायोगाने माणसाने क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांच्या आत पहिल्यांदा डोकावून पाहिलं तेव्हा उलगडलेल्या पहिल्या रचनांमध्ये मीठच होतं. 1913 साली विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुण संशोधकाने दाखवलं की मिठात सोडियम आणि क्लोरिनचे विद्युतभारित कण बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखे आलटून पालटून बसलेले असतात, फक्त हा पट सपाट नसून वर-खालीही पसरलेला असतो. प्रत्येक सोडियमला सहा क्लोरिन शेजारी, प्रत्येक क्लोरिनला सहा सोडियम. मिठाचा ‘एक रेणू’ असा वेगळा काढून दाखवताच येत नाही, ही गोष्ट जुन्या रसायनशास्त्रज्ञांना इतकी खटकली की हेन्री आर्मस्ट्राँग यांनी 1927 साली ‘नेचर’मध्ये पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू घेतली होती. पण पट खरा निघाला. मिठाचा खडा चौकोनी दिसतो तो या आतल्या मांडणीमुळे.

ही मांडणी वाढते कशी, हे समजायला लग्नातली पंगत आठवावी. अर्धी भरलेली पंगत असेल तर नवा पाहुणा सरळ शेवटच्या पानावर जाऊन बसतो. एका बाजूला शेजारी, मागे भिंत, जागा पक्की. पण सगळ्या पंगती भरलेल्या असतील, तर मोकळ्या अंगणात एकट्यानेच नवी पंगत सुरू करायला सहसा कुणी धजत नाही. द्रावणातला कण असाच वागतो. अर्धवट थराच्या कडेला त्याला धरून ठेवणारे शेजारी जास्त, म्हणून तो तिथे टिकतो. पूर्ण भरलेल्या सपाट पृष्ठभागावर एकटा बसला तर पाणी त्याला लगेच उचलून नेतं. त्यामुळे थर एकामागून एक भरत जातात आणि बाजू गुळगुळीत राहतात. द्रावण हळूहळू घट्ट होत असेल तर हे शिस्तीत चालतं. घाईघाईने घट्ट झालं तर पाहुण्यांचा लोंढा येतो, जो तो दिसेल तिथे पान मांडतो आणि पंगतीचा बाजार होतो. पिठासारखं मीठ म्हणजे हा बाजार.

यावर एक रास्त शंका निघते आणि ती शास्त्रज्ञांनीही घेतली होती. नवी पंगत सुरू करणं इतकं अवघड असेल, तर जेमतेम संपृक्त द्रावणात खडा वाढायलाच नको. एक थर भरला की तो थांबला पाहिजे. गणित तसंच सांगत होतं, आणि खडे मात्र निवांत वाढत होते. 1949 साली चार्ल्स फ्रँक यांनी उत्तर सुचवलं: खऱ्या खड्यात मांडणीची एखादी चूक असते आणि तिच्यामुळे थर सपाट न राहता गोल जिन्यासारखा वर चढतो. चकलीच्या सोऱ्यासमोर जसं वेटोळं संपतच नाही, तशी या पंगतीची कड कधी संपत नाही. नवी पंगत सुरू करायची गरजच पडत नाही. अशी वेटोळी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर दिसली, आणि ती सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवर पाहणाऱ्यांत अजित राम वर्मा हे भारतीय होते. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झाले. थोडक्यात, खडा निर्दोष असता तर वाढलाच नसता.

खडे होऊ न देण्याची कला

इथे या लेखाचं मुख्य म्हणणं मांडतो. घरी स्फटिक वाढवणं म्हणजे खरं तर स्फटिक होऊ न देणं. एक सोडून बाकीचे सगळे. बरणीत विरघळलेलं मीठ ठरलेलं आहे. ते एका खड्याकडे गेलं तर तो बोराएवढा होतो, हजार खड्यांत वाटलं गेलं तर हजार कण मिळतात. म्हणून सगळी खटपट नवे खडे जन्माला येण्याच्या जागा आणि निमित्तं कमी करण्यासाठी असते.

नवा खडा जन्माला येणं तसं अवघड असतं. चार-सहा कण एकत्र आले तरी त्यांतले बहुतेक बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाण्याच्या ओढीत असतात. आतून आधार असलेला कुणीच नाही. दोघा-तिघांची भिशी टिकत नाही, तसा हा घोळका टिकत नाही. एका ठरावीक आकाराच्या पुढे गेला तरच तो तगतो. धूळ, भांड्यावरचा ओरखडा, दोऱ्याचा तंतू, न विरघळलेला कण यांपैकी काहीही मिळालं की ही अडचण निम्मी होते. म्हणून द्रावण गाळायचं, बरणी गुळगुळीत घ्यायची, वर कापड बांधायचं, ती हलवायची नाही. ज्या दोऱ्यापासून आपण सुरुवात केली तो साखरेला उपकारक आहे, कारण पाक चिकट असल्यामुळे साखर सहजी धरतच नाही. मिठाला किंवा तुरटीला तोच सुती दोरा नडतो: शेकडो तंतूंवर शेकडो खडे. तिथे मासे धरण्याच्या गळाची गुळगुळीत नायलॉन दोरी हवी आणि तिच्या टोकाला आधीच निवडलेला एक चांगला खडा. त्याला बीज म्हणतात.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून आलेलं नाही असं म्हणायला आपल्या स्वयंपाकघरात भरपूर पुरावा आहे. गुलाबजामच्या पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. आंबटामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे होतात, ते साखरेच्या पंगतीत नीट बसत नाहीत आणि खडे धरण्यात अडथळा येतो. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना याच्या उलट चालतं. परातीतल्या तिळावर किंवा खसखशीवर मंद आचेवर चमचा-चमचा पाक घालायचा, हात अखंड फिरवायचा, आधीचा पाक सुकल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. तीळ म्हणजे बीज, चमचाभर पाक म्हणजे मोजून दिलेला खुराक. एकदम वाटीभर पाक ओतला तर काटा राहतो बाजूला, गोळे होतात. हलव्याचे दागिने घालून बसलेल्या बाळाच्या अंगावर खरं तर कुणाच्या तरी दोन-तीन दिवसांच्या धीराचं काम असतं.

आयोडीनवर नाहक आळ

मिठाचा प्रयोग फसला की दोष आयोडीनला दिला जातो. हे पटण्यासारखं नाही. आयोडीन किलोमागे काही मिलिग्रॅमच असतं, आणि त्यात मिठाची वाढ अडवून धरण्याचा विशेष गुण नाही. खरा गुन्हेगार त्याच पाकिटात दुसरीकडे बसलेला असतो: मीठ पावसाळ्यातही मोकळं राहावं म्हणून घातलेला पदार्थ. तो कधी न विरघळणारा सिलिकेसारखा असतो, आणि मग द्रावण गढूळ दिसतं. कधी तो पोटॅशियम फेरोसायनाइड असतो. घटकांच्या यादीत 536 हा क्रमांक दिसला की समजावं. नाव ऐकून दचकू नये, त्यातलं सायनाइड लोहाने घट्ट धरून ठेवलेलं असतं आणि परवानगी दिलेलं प्रमाण अत्यल्प असतं. पण खड्याच्या दृष्टीने तो पंगतीत आडवा पसरलेला पाहुणा आहे. तो कडेलाच बसतो आणि रांग पुढे सरकू देत नाही. मिठाचे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत ते याच करामतीमुळे. बशीत मात्र परिणाम असा होतो की वाढ अडलेली असताना पाणी आटतच राहतं, द्रावण फार घट्ट होतं, आणि मग बांध फुटल्यासारखं मीठ फांद्या-फांद्यांनी, फुलकोबीसारखं बाहेर येतं. सजावटीला कुणाला तेच हवं असेल तर उत्तम. चौकोनी खडा हवा असेल तर पोत्यातलं जाडं मीठ घ्यावं, विरघळवून दोनदा सुती कापडातून गाळावं.

चौकट: मिठाचा खडा
पाव लिटर गाळलेलं गरम पाणी, त्यात 90 ग्रॅमच्या आसपास जाडं मीठ. तळाशी थोडं उरलं की पुरे. निवल्यावर गाळून पसरट काचेच्या बशीत ओता. काठाला आतून व्हॅसलिनचं बोट फिरवा. पातळ कापडाने झाका आणि ऊन, पंखा, शेगडी यांपासून दूर ठेवा. दोन-चार दिवसांत तळाशी दिसणाऱ्या खड्यांतला सगळ्यात स्वच्छ एक चिमट्याने उचला. उरलेलं द्रावण गाळून स्वच्छ बशीत घ्या आणि त्यात तो एकटा ठेवा. रोज त्याची बाजू पालटा. शेजारी उगवतील ते काढून टाका. दोन-तीन आठवड्यांत काही मिलिमीटरचा घन मिळतो. लोखंडी किंवा अॅल्युमिनिअमचं भांडं नको. मीठ ते खातं.

व्हॅसलिनचं कारण एकदा बशीजवळ डोळे नेऊन पाहिलं की कळतं. काठाशी पाण्याचा थर पातळ असतो, तो आधी सुकतो, तिथे मिठाची बारीक किनार धरते. त्या किनारीच्या फटींतून पाणी वर चढतं, आणखी वर सुकतं, आणखी मीठ धरतं. आठवडाभरात मीठ काठ ओलांडून टेबलावर उतरलेलं असतं. आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. शांत पाण्याच्या पृष्ठभागावर कधीकधी इवलेसे चौकोन तरंगतात, उलट्या पिरॅमिडसारखे आणि मधून पोकळ. बाष्पीभवन पृष्ठभागावर होतं, म्हणून खुराक तिथेच जास्त. चौकोनाच्या कडा भराभर वाढतात, वजनाने तो थोडा बुडतो, वर नवी कड धरते. पायऱ्या-पायऱ्यांची ही उपडी गच्ची मिठागरातही दिसते. घाईने वाढलेल्या खड्याचं हे रूप मात्र देखणं असतं, हे कबूल केलं पाहिजे.

मग घाई नेहमीच वाईट का?

नाही, आणि इथे माझ्या म्हणण्याला मुरड घालायला हवी. अंड्याच्या कवचाला आतून हिऱ्यासारखी चकाकी आणायची असेल किंवा तारेच्या चांदणीवर बर्फ पडल्यासारखं दाखवायचं असेल, तर तिथे एक मोठा खडा नको, हजारो बारीक हवेत. तेव्हा तुरटीचं गरम, घट्ट द्रावण आणि खरखरीत पृष्ठभाग ही कृती बरोबर आहे. रात्रीत काम होतं. फक्त तुरटी पाहून घ्यावी. पाणी निवळायला विकतात त्या लाद्या पुष्कळदा नुसत्या अॅल्युमिनिअम सल्फेटच्या असतात आणि त्यांचे चांगले खडे होत नाहीत. न्हाव्याकडची, दाढीनंतर लावायची पारदर्शक तुरटी घ्यावी. तिचा एकटा खडा सावकाश वाढवला तर आठ त्रिकोणी बाजूंचा होतो, तळाला तळ जोडलेल्या दोन पिरॅमिडांसारखा. निळ्या रंगाच्या मोहाने मोरचूद मात्र घरात आणू नये. द्राक्षबागेतल्या बोर्डो मिश्रणात त्याची जागा आहे, स्वयंपाकघरात नाही. ते विषारी आहे.

सावकाशीचं टोक पाहायचं तर मेक्सिकोतल्या नायका खाणीत पाहावं लागतं. 2000 साली तिथे सापडलेल्या गुहेत जिप्समचे अकरा मीटरहून लांब स्फटिक आहेत. गुहा पाण्याने भरलेली असताना तिथलं तापमान 58 अंशांच्या आसपास, जवळजवळ न बदलता, प्रचंड काळ राहिलं आणि द्रावण संपृक्ततेच्या जेमतेम पलीकडे रेंगाळलं. नवे खडे जन्मायला निमित्तच मिळालं नाही. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत झिओलाइट आणि अपोफिलाइट खनिजांचे खडे असेच पाझरणाऱ्या पाण्यातून वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाभोर कॅव्हान्साइट तर जगभरचे संग्राहक मागतात. कुणी म्हणेल, मग बरणी फ्रिजमध्ये ठेवून विसरून जावी. तुरटीच्या कोमट द्रावणाला अशी एकदम थंडी लावणं म्हणजे पुन्हा तोच लोंढा, आणि मिठाला तर थंडीने काहीच होत नाही. सावकाश याचा अर्थ नुसता उशीर नव्हे. तापमानात कमीत कमी चढउतार, असा आहे.

पावसाळ्याचा हिशेब

कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये मिठाची बशी मांडली तर ती महिनाभर तशीच राहील, कदाचित पाणी वाढलेलंही दिसेल. संपृक्त मिठाचं पाणी साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या हवेशी तोलात असतं. हवा त्याहून कोरडी असेल तर पाणी उडतं, दमट असेल तर मीठच हवेतलं पाणी ओढतं. मिठागरं पावसात बंद असतात, ती केवळ पाऊस पडतो म्हणून नव्हे. तयार खडाही या हिशेबातून सुटत नाही. तुरटीचं उलट आहे. तिच्या वजनाचा 45 टक्के भाग खड्यात बांधलेल्या पाण्याचा असतो. तव्यावर तुरटीची लाही फुलते ती हे पाणी निसटल्यामुळे. कोरड्या उन्हाळ्यात तिच्या चकचकीत बाजूंवर पांढरी भुकटी येऊ लागते, म्हणून तिला आधीच पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यावा.

मिठाचा खडा झाकणाच्या बरणीत, तळाशी भाजलेले तांदूळ घालून ठेवावा. नाहीच ठेवला, तर मृगाचा पाऊस लागल्यावर भिंगातून त्याच्याकडे पाहण्यासारखं असतं. आधी कोपरे ओलसर होतात आणि गोलावतात, मग कडा. सपाट बाजू सगळ्यात शेवटी झिजतात. खड्याच्या पोटातल्या कणाला सहा शेजारी असतात, बाजूवरच्याला पाच, कडेवरच्याला चार आणि कोपऱ्यावरच्याला तीनच.